नरसय्याची तीट

ऑस्करमास्तरनं नरसय्याला फसवलं. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. माझ्या दुकानात, माझ्या गादीवर लोडाला टेकून, माझा चहा पिऊन फसवलं. आणि मी समोर बसून मान डोलावत होतो.

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात वाचलं की मुंबईत ऑस्करमास्तरांचा सत्कार झाला. ज्या चालीनं त्यांचं नाव झालं ती त्यांना म्हणे एका संध्याकाळी समुद्रावर फिरताना सुचली. समुद्रावर! त्या चालीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. ती सोलापूरच्या पूर्व भागात, खड्ड्यातल्या हातमागावर, सुताला लावायच्या खळीच्या आंबूस वासात जन्माला आली. तिचा बाप नरसय्या. तो आता नाही. मी आहे.

मी संगीतातला माणूस नाही. मी कापडवाला. वळसंगहून मोकळ्या हातानं आलो, डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन वैरागच्या बाजारापर्यंत पायी हिंडलो, मग दुकान टाकलं. मी रागीट आहे हे सगळ्या पेठेला माहीत आहे. "शिवप्पाचं काय ऐकता, तो उन्हाशीसुद्धा भांडतो," असं लोक म्हणतात. भांडतो. पण खोटं बोलत नाही. निदान कापडाच्या बाहेर तरी नाही.

नरसय्याची आणि माझी गाठ पडली ती एका साहेबाच्या सामानावरून. साहेब विलायतेला परत निघाला की त्याच्या बंगल्यावर लिलाव होई. अशाच एका लिलावात पडदे, चादरी, वेताच्या खुर्च्या असा एक ढीग मी घेतला. हातगाडीवर सामान चढवत होतो, तेवढ्यात एक किडकिडीत माणूस जवळ येऊन उभा राहिला. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, बोटांना निळीचा डाग. पाय मात्र स्वस्थ नव्हते. उभ्या उभ्या तो एकदा डावा, एकदा उजवा पाय हळूच दाबत होता, जणू जमिनीखाली काही होतं आणि ते त्याला चालू ठेवायचं होतं. हातमागावर आयुष्य काढलेल्या माणसाचे पाय असे होतात हे मला माहीत होतं. पण याचे पाय नुसते हलत नव्हते, मजेत हलत होते.

"सावकार, ती गिटार मला पायजे," तो म्हणाला.

"कुठली?" मला त्या वस्तूचं नावही ठाऊक नव्हतं.

"ती, सतरंजीखालची."

मी कपाळाला आठ्या घातल्या. "ती विकायची नाही. घरी ठेवणार आहे."

माझ्या सौद्याचा हा पहिला शब्द असतो. समोरच्यानं यावर हसायचं, जायला निघायचं, चार पावलांवर मी हाक मारायची, अशी ती रीत. या माणसानं त्यातलं काहीच केलं नाही.

"तुमी वाजवता?" त्यानं मनापासून विचारलं.

"नाही."

"मग तुमच्याकडं ती उपाशी मरंल की."

मला राग आला. सौदा न करणारा माणूस मला घासाघीस करणाऱ्यापेक्षा अवघड वाटतो. "काय देशील?" मी खेकसलो.

"लुगडं. तुमच्या घरच्या बाईंसाठी. असा काठ, की सोलापुरात दुसरा नसंल."

"कधी?"

"काठ झाला की."

"म्हणजे कधी?"

"ते काठालाच ठाव, सावकार."

उभ्या आयुष्यात अशा बोलीवर मी रुमालसुद्धा दिला नसता. गिटार दिली. का दिली ते आजही सांगता येत नाही. एवढं आठवतं की बोलता बोलता त्यानं सतरंजी बाजूला करून तारांवरून अंगठा फिरवला होता, आणि हातगाडीवाला हातातली खुर्ची तशीच धरून थांबला होता.

नंतर कळलं ते असं. नरसय्या तेलुगू विणकराच्या घरातला. वडील, आजा, सगळे मागावर. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये टॉवेल पोचवायला जायचा, तिथं साहेबलोकांच्या नाचाला बँड वाजायचा. हा खिडकीबाहेर उभा. त्या बँडमध्ये पेद्रू नावाचा गोव्याचा एक रेल्वे गार्ड सॅक्सोफोन वाजवी. सॅक्सोफोन म्हणजे पितळेचं, हुक्क्यासारखं वाकडं, फुंकायचं वाद्य. आवाज मात्र माणसासारखा, सर्दी झालेल्या जाड माणसासारखा. पेद्रूनं एकदा खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "आरे बाबा, रोज बाहेर उभा ऱ्हातो, आत कित्याक येत नाय?" नरसय्या म्हणाला, "टावेल दिलं की काम संपलं. आत यायला दुसरं काम पायजे की." पेद्रूनं त्याला दुसरं काम दिलं. गिटारच्या तारा कशा जुळवायच्या ते शिकवलं. पुढचं नरसय्यानं आपलं आपण केलं.

तिसरा अब्दुल. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवणारा धिप्पाड माणूस, मिशा पिळलेल्या, आवाज नगाऱ्यासारखा. पेद्रूकडचा सॅक्सोफोन एकदा फुंकला आणि क्लॅरिनेट सोडलं ते सोडलंच. पेद्रूनंच कुठूनसा त्याला एक जुना सॅक्सोफोन मिळवून दिला.

तिघे अमावास्येला जमत. त्या दिवशी पूर्व भागातले माग बंद असतात. नरसय्याचं घर म्हणजे एक लांब खोली. मधे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, समोर माग. अमावास्येला नरसय्या त्याच खड्ड्यात पाय सोडून बसे, मांडीवर गिटार. दोन्ही सॅक्सोफोनवाले सुताच्या पेट्यांवर. दुपारभर त्यांचं चाले. साहेबांची गाणी ते वाजवत नसत. नरसय्या स्वतःच्या चाली बांधे.

त्या चाली लंगडत. मला तरी तसं वाटे. एक ठोका लगेच यायचा, दुसरा जरा रेंगाळून. अब्दुल त्याला चिडवायचा, "नरसू, तेरी चाल लंगडाती कायकू रे? एक पाँव गड्ढे में है क्या?"

"दोनी पाय खड्ड्यात हायत, अब्दुलभाई. मागच तसा हाय," नरसय्या म्हणे. आणि ते खरं होतं. त्याच्या हातून सूत नेणारा धोटा एकीकडून सपकन जाई आणि परतताना किंचित रेंगाळे. तो डुलता ठेका त्यानं गिटारीत आणला होता. पेद्रूनं सांगितलं की अमेरिकेत काळे लोक असंच डुलत वाजवतात, त्याला जॅझ म्हणतात. नरसय्यानं विचार केला आणि म्हणाला, "त्यांच्याकडंबी हातमाग असंल."

हा त्याचा विनोद होता की मत, ते कधी कळत नसे. तो हसत नसे. वाजवताना चेहरा अगदी गरीब, जणू कुणी पत्ता विचारलाय आणि तो आठवून सांगतोय. त्याची एकच म्हण होती: "घाई केली की काठ वाकडा." जेवताना, भांडण सोडवताना, गाडी चुकताना, सगळीकडे हीच. मी ओरडायला लागलो की म्हणे, "सावकार, आवाज खाली. सूत तुटतंय." तारा तुटल्या तर मुंबईहून यायला वेळ लागे. तोवर तो रेशमाचे पदर पिळून, खळ लावून, उन्हात ताणून तार करी. पेद्रू म्हणायचा ही टिकायची नाही. दोन-दोन महिने टिके.

लुगडं त्यानं आणून दिलं ते गिटार नेल्यावर वर्षभरानं. मी विसरलो नव्हतो, रागावलो होतो. दुकानात आला, घडी गादीवर ठेवली. मी पदर उलगडला आणि काठ उजेडाकडं धरला. काठ मी हजारो पाहिलेत. रुद्राक्षाचे, पोपटाचे, रुईफुलाचे. हा काठ कशाचाच नव्हता. लाल, पिवळी आणि काळी घरं. कुठं गर्दी, कुठं मोकळं. मोकळी जागासुद्धा मोजून सोडलेली. नजर त्यावरून एका वेगानं पळायची, मग आपोआप रेंगाळायची, मग परत पळायची.

मग मला खोट दिसली. मी कापडवाला, मला खोट आधी दिसायला हवी होती. काठाच्या प्रत्येक वळणाला, ठरल्या जागी, काळ्याच्या जागी एक हिरवा धागा.

"हे काय? खोट आहे. दुसरं आण."

"खोट न्हाय. सोडलाय मी."

"एवढा चांगला काठ आणि मुद्दाम नासवलास?"

"सावकार, बाळ गोरंगोमटं झालं की आई काय करती?"

"काय करते?"

"गालाला काजळ लावती. तीट. आमच्या घरात काठालाबी लावतात. माझ्या आजोबानं सोडलाय, वडलांनी सोडलाय. धागा ज्याचा त्याचा. कुणाचा कुठला, ते घरातल्यालाच ठाव."

मग गादीवर लावून ठेवलेल्या कापडांवर बोटानं ठेका धरत त्यानं मला तो काठ वाचून दाखवला. लाल घर म्हणजे पेद्रू, पिवळं म्हणजे अब्दुल, काळं म्हणजे तो स्वतः, मोकळं म्हणजे सगळे गप्प. चाल लिहायची त्याची हीच पद्धत. विणकर नक्षीच्या कागदावर जशी घरं रंगवतात तशी तो चाल रंगवायचा. पेद्रूला साहेबी पद्धतीनं सूर लिहिता येत, अब्दुलला लिहिणं-वाचणं काहीच येत नसे. पण नरसय्याचा कागद दोघेही वाचायला शिकले होते. आणि गंमत सांगतो, मीही शिकलो. सा कुठला नि रे कुठला हे मला कळत नाही, पण काठ मला वाचता येतो. अमावास्येला कागद हातात घेऊन मी अब्दुलला सांगू शके की तू दोन घरं आधी घुसलास. "देखो, अब मारवाडी भी उस्ताद हो गया!" अब्दुल ओरडे. मी मारवाडी नाही, लिंगायत आहे, हे त्याला शंभरदा सांगून झालं होतं.

हिरव्या घरापाशी नरसय्या चुकीचा सूर लावी. जिथं बसायला हवं तिथं न बसता शेजारच्या ओट्यावर बसल्यासारखा. दर फेरीला, त्याच जागी. ऐकणाऱ्याचं तोंड किंचित वाकडं होई, आणि मग पुढची ओळ इतकी गोड लागे की पुसू नका.

माझी बायको नीलव्वा ते लुगडं नेसून सिद्धरामेश्वराच्या देवळात गेली, तेव्हा बायकांनी विचारलं, "नीलक्का, हा कुठला काठ?" ती म्हणाली, "हा वाजतो म्हणं. मला तर नुसता नेसता येतोय."

त्या काळी सिनेमा मुका होता. पडद्याखाली पेटी-तबलावाले बसत. आमच्या एका थिएटरच्या मॅनेजरनं काहीतरी नवं म्हणून या तिघांना बसवलं. मारामारी आली की दोन्ही सॅक्सोफोन, रडणं आलं की एकटी गिटार. एकदा दुपारच्या खेळाला मी गेलो होतो. गिरणीची पहिली पाळी सुटली होती, पूर्व भागातले विणकरही आले होते, थिएटर गच्च. नायिका विहिरीत उडी टाकायला वाकली आणि फिल्म तुटली. पडदा पांढरा. शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांची आदळआपट. मॅनेजर ओरडतोय, "वाजवा, काहीतरी वाजवा!" नरसय्यानं दोघांकडं पाहिलं, पायानं दोनदा जमीन दाबली आणि आपली चाल सुरू केली, जी माझ्या बायकोच्या काठाला होती ती.

पहिल्या फेरीला लोक शिव्या देत राहिले. दुसरीला शांत झाले. तिसरीला काय झालं ते मी विसरणार नाही. चारशे पाय जमिनीवर पडायला लागले. एक ठोका लगेच, दुसरा रेंगाळून. मागावर बसणारे ते लोक, त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पेद्रू आणि अब्दुल उभे राहून एकमेकांशी भांडल्यासारखे वाजवत होते. एक प्रश्न फेकी, दुसरा उलटून अंगावर जाई, आणि खाली नरसय्या दोघांना सांभाळत होता. तेवढ्यात फिल्म जोडली गेली, नायिका पुन्हा विहिरीशी वाकली, आणि मागून एकजण गरजला, "ए, ती मरू दे की! ह्यांचं संपू दे आधी!"

फिल्मचं मशीन बंद करावं लागलं. मॅनेजरनं नंतर नरसय्याला धारेवर धरलं. नरसय्या म्हणाला, "तुमीच म्हणला, वाजवा."

मग बोलपट आले आणि पडद्याखालची जागा रिकामी झाली. पेटीवाले रडले. नरसय्या म्हणाला, "बरं झालं. आता कुणाच्या रडण्यासाठी थांबायला नको." अमावास्या चालूच राहिल्या, आणि ऐकायला येणारे वाढले. बोळात माणसं बसत, सूत रंगवणाऱ्या बाया कामाचे हात धुऊन येत. आणि मला वाटायला लागलं की हे एवढंच राहू नये. मुंबईनं ऐकावं. हे माझ्या डोक्यात आलं, नरसय्याच्या नाही. हेही लिहून ठेवतो.

मुंबईला एका मोठ्या हॉटेलात टेबलावर अंथरायची कापडं पुरवायला मी जात असे. तिथं दुपारच्या चहाला ऑस्करमास्तरचा बँड वाजे. पांढरा कोट, केसांना तेल, हातात बँडला ताल दाखवायची काडी. हॉटेलचा कारभारी मला म्हणाला, "शेटजी, असं संगीत सोलापुरात कुठलं!" झालं. मी भर दिवाणखान्यात सांगितलं की आमच्याकडचा एक विणकर खड्ड्यात बसून याच्यापेक्षा बरं वाजवतो. लोक हसले. ऑस्करमास्तर हसला नाही. जवळ येऊन त्यानं नाव विचारलं.

दोन महिन्यांनी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचासाठी तो सोलापूरला आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात. मी तिघांना बोलावलं. गादी झटकली, चहा सांगितला. मास्तर गोड बोलला. "शेटजी, तुमचा आदमी हिरा आहे. मी याला मुंबई नेतो. माझ्या बँडमध्ये."

मग मी सुरू झालो. सौदा म्हणजे माझं अंगण. मी म्हणालो, एकटा नाही, तिघेही जातील. मास्तर कबूल. राहायची खोली हवेशीर पाहिजे. कबूल. अमावास्येला नरसय्या कामावर येणार नाही. मास्तर जरा घुटमळला, मग कबूल. नरसय्याला कोट घालायची सक्ती करायची नाही. तेही कबूल. मी एकेक अट टाकत होतो, तो एकेक गिळत होता. मला वाटलं, याला पुरता घेतला.

"पण एकदा ऐकू तर द्या," मास्तर म्हणाला.

तिघांनी वाजवलं. मास्तरनं खिशातून छोटी वही काढली. "पुन्हा एकदा." पुन्हा वाजवलं. मी मधेच एक अट वाढवली, पेद्रूच्या सुट्टीची, आणि मास्तरनं वहीत काहीतरी लिहिलं. "आणखी एकदा, फक्त गिटार." नरसय्यानं वाजवलं, मास्तर भराभरा लिहीत राहिला.

मला वाटलं, माझ्या अटी लिहून घेतोय.

ही माझी चूक. चाळीस वर्षांच्या धंद्यात अशी दुसरी नाही. समोरचा काय लिहितोय ते मी उलट्या बाजूनंही वाचतो. पण माझ्याच तोंडच्या अटींनी मी इतका फुगलो होतो की त्या दिवशी पाहिलंही नाही. पेद्रू पाहू शकला असता, त्याला ती लिपी येत होती. पण त्याचं तोंड वाद्यात, आणि एकट्या गिटारच्या वेळीही डोळे मिटलेले. सगळं मी ठरवून घेतलं. खोली, अमावास्या, कोट. चाल कुणाच्या नावावर राहील, हे विचारायचं तेवढं राहिलं.

जाताना मास्तर नरसय्याला म्हणाला, "तो एक सूर, वेगळाच लागतो तो... वा! सगळी कमाल त्या सुरात आहे."

नरसय्यानं माझ्याकडं पाहिलं, मास्तरकडं पाहिलं, आणि हात जोडून म्हणाला, "आजोबाची कृपा."

बोलावणं आलं नाही. मी दोन पत्रं टाकली. मग एके दिवशी अब्दुल धावत दुकानात आला, एवढा मोठा माणूस, घामानं निथळत. "शिवप्पा, चल. बस, चल!" स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलात ग्रामोफोन होता. नवी रेकॉर्ड लावलेली. बारा-चौदा वाद्यांचा बँड, आणि चाल आमची. ठोका लगेच, ठोका रेंगाळून. तबकडीच्या मधल्या कागदावर नाव: ऑस्करमास्तर, चाल त्यांचीच.

मी हॉटेलातली कपबशी फोडली हे खरं आहे. भरूनही दिली.

नरसय्याला आणलं. तो बाकावर बसला, हात मांडीवर. चाल पुढं सरकली, वळणावर आली, हिरव्या घराची जागा आली, आणि तिथं सगळ्या वाद्यांनी मिळून, झांजा आपटून, तोच चुकीचा सूर लावला. नुसता लावला नाही, मिरवला. पुढच्या फेरीला पुन्हा. पुन्हा झांजा.

आणि नरसय्या हसला. त्याला मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सावकार," तो म्हणाला, "आमच्या बाळाची तीट त्यानं आपल्याच गालाला लावून घेतली की! आन वर झांजा!"

"हसतोस काय? चोरलंय त्यानं!"

"व्हय, चोरलंय. पर चोराला काजळ कुठलं नि डोळा कुठला ते कळलं न्हाय."

मी दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठली. नरसय्याचा रंगीत कागद घेऊन त्या हॉटेलात शिरलो, सगळ्यांसमोर मास्तरला विचारलं. त्यानं कागद हातात घेतला, बँडवाल्यांना दाखवला. "शेटजी, हे संगीत आहे? हे टेबलक्लॉथचं डिझाइन आहे. तुम्ही टेबलक्लॉथच विकता ना?" सगळे हसले. मी म्हणालो, "ठीक. मग एवढंच सांग, तो सूर तिथं का आहे?" तो म्हणाला, "ती माझी स्टाइल आहे." मी म्हणालो, "का आहे?" त्याची काडी हातातल्या हातात फिरत राहिली. "का आहे?" मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला दारापर्यंत नेऊन सोडलं. तिथलं माझं गिऱ्हाईक गेलं. त्याचं मला काही नाही. मला उत्तर मिळालं नाही, त्याचं आहे.

परत आलो तर नरसय्या मागावर. मी तणतणत सगळं सांगितलं. त्यानं धोटा थांबवला नाही.

"लुगडं विकलं की काठ माझा ऱ्हातो का, सावकार?"

"तू विकलं कुठं? आणि विकलं तरी काठ कुणी विणला हे बदलतं का? माझ्या दुकानातून लुगडं गेलं म्हणून मी विणकर होतो का?"

तेव्हा मात्र धोटा थांबला. त्यानं काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "न्हाय होत." आणि तुटलेलं सूत जोडता जोडता, "त्येला एकदा इचारायला पायजे व्हतं मला. नाव लावू का म्हणून. मी व्हय म्हणलो असतो कदाचित. पर इचारायला पायजे व्हतं."

त्याच्या तोंडून एवढंच. एवढ्यावरून मला कळलं की त्याला लागलं होतं. हसला होता म्हणून लागलं नव्हतं असं नाही.

पुढच्या अमावास्येला त्यानं तीच चाल घेतली. मी कागद घेऊन बसलो होतो. हिरव्या घरापाशी सूर सरळ लागला. अब्दुलनं चमकून पाहिलं. चार घरं पुढं, भलत्याच जागी, तीट. पुढच्या फेरीला आणखी तिसरीकडं. "आता कुटं हाय ते मलाबी ठाव नसतंय," नरसय्या म्हणाला. "आता चोरा म्हणावं." त्या दिवसाइतकं चांगलं त्या तिघांनी कधी वाजवलं नाही. रेकॉर्डमधला बँड त्यांच्यापुढं वरातीतला होता. बोळातले लोक उठायला तयार नव्हते, शेवटी नरसय्याची बायकोच म्हणाली, "आता सैपाक करू का ह्यांच्यासंगं नाचू?"

मग पेद्रूची बदली झाली.

त्याची गाडी सकाळी निघणार होती. शेवटची फेरी तोच गार्ड म्हणून नेणार, मागच्या डब्यात त्याचं सामान. आम्ही फलाटाच्या मागच्या टोकाला गेलो. अब्दुलनं सॅक्सोफोन आणला होता, नरसय्यानं गिटार गळ्यात अडकवली होती, सुताच्या जाड पट्ट्यानं, जो त्यानंच विणला होता. नरसय्यानं पायानं दोनदा फलाट दाबला आणि तिघांनी सुरू केलं. हमाल ओझी खाली ठेवून उभे राहिले.

इंजिनानं शिट्टी दिली. पेद्रूनं हिरवा बावटा दाखवला, डब्याच्या पायरीवर चढला, बावटा काखेत मारला आणि सॅक्सोफोन पुन्हा तोंडाला लावला. गाडी हलली. तो दारात उभा राहून वाजवत होता, नरसय्या फलाटावरून बरोबर चालत होता, गाडीच्या नव्हे, चालीच्या वेगानं. म्हणून तो मागं पडत गेला. अब्दुल थांबला, त्याला पुढं फुंकवेना, पंच्यानं तोंड पुसत राहिला. फलाट संपला तिथं नरसय्या उभा राहिला, गिटार चालूच. लांबून सॅक्सोफोन येत होता, बारीक होत होता, पण ठेका सुटला नव्हता. चालीचं वळण आलं. हिरव्या घराची जुनी जागा आली. नरसय्यानं हात उचलून धरला. सूर लावलाच नाही, जागा मोकळी सोडली. आणि त्या मोकळ्या जागेत, लांबून, पेद्रूनं गार्डाची शिट्टी फुंकली.

अगदी जागेवर. धाग्यासारखी.

नरसय्यानं हात खाली आणला आणि पुढची ओळ वाजवली. गाडी दिसेनाशी झाल्यावरही वाजवत होता. उन्हात त्याची पाठ मला दिसत होती, आणि पाय, डावा, उजवा, डावा. डोळे मिटले की मला नरसय्या दिसतो तो असा.

ऑस्करमास्तर, तुमचा सत्कार झाला, शाल मिळाली, समुद्र सांगून झाला. नीलव्वानं ते लुगडं अजून कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं आहे. तुम्ही माझ्या दुकानात येऊन तीनदा चाल ऐकलीत, त्याच्या कितीतरी आधी ते विणलेलं आहे, आणि देवळातल्या बायकांनी पाहिलेलं आहे. तुमच्या रेकॉर्डमध्ये जिथं जिथं झांजा आपटतात, तिथं तिथं त्या काठात एक हिरवा धागा आहे. गादी तीच आहे. चहा मी सांगतो. एकदा सोलापूरला या, चार माणसांसमोर तो काठ हातात धरा, आणि त्या विणकरानं हिरवा धागा तिथंच का सोडला, एवढं सांगा; तीट हे मी वर लिहिलंच आहे, पण तिथंच का? सांगता आलं तर चाल तुमची. नाही आलं, तर जिथं शाल घेतलीत तिथंच उभे राहून नरसय्याचं नाव घ्या.

मी दुकान बंद करायला उशीर करतोय, मास्तर. बोला.